मलकापूरहून ब्रह्मदेश पाहताना : माणसं, राज्य आणि बाजार

आजचा विषय ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार. विषय ठरला तेव्हा आम्हालाच काहींनी विचारलं, 'मलकापूरच्या माणसाला ब्रह्मदेशाचं काय करायचं?' प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्या बाजारापासूनच करू.

नवी तूर यार्डात येऊ लागली की व्यापाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो, 'लेमन तूर'. ही लेमन तूर ब्रह्मदेशातून येते. जून 2021 मध्ये भारत सरकारने तिथल्या सरकारशी करार केला. खाजगी व्यापाऱ्यांमार्फत पाच वर्षं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायची, असं ठरलं. इथल्या तुरीचा भाव पडला की आपण सहज म्हणतो, 'बर्माची तूर आली, म्हणून मेलो.' यात तथ्य आहेच. पण ती तूर कोण पेरतो, का पेरतो आणि त्याच्या पदरात काय पडतं, हे आपण विचारत नाही. आज तेवढंच विचारायचं आहे. त्यासाठी मात्र पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल.

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, 1908 साली मंडालेच्या तुरुंगात गेलेले आणि तिथे 'गीतारहस्य' लिहिणारे टिळक. दुसरी, रत्नागिरीचा थिबा पॅलेस. तिथला शेवटचा राजा थिबा 1886 साली रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 साली तिथेच वारला. त्यांचा राजा आपल्याकडे कैदेत, आपला पुढारी त्यांच्याकडे कैदेत. हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या वऱ्हाडाचा धागा मात्र सहसा कुणी सांगत नाही, तो आता पाहू.

तारखा बघा. 20 डिसेंबर 1852 रोजी डलहौसीने खालचा ब्रह्मदेश, म्हणजे पेगू प्रांत, खालसा केल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 21 मे 1853 रोजी, त्याच डलहौसीच्या काळात निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. दोन्हीकडे निमित्त पैशाचं होतं. रंगूनमध्ये दोन इंग्रज जहाज-कप्तानांना झालेल्या दंडाचा वाद होता, आणि मागणी होती जेमतेम दहा हजार रुपयांची. आपल्याकडे निजामाच्या डोक्यावर कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचा बोजा होता. निमित्तं वेगळी असली तरी हाती लागलं ते सारखंच : इथे कापसाची काळी जमीन, तिथे इरावती नदीच्या मुखाकडची भाताची ओली जमीन.

पुढे काय झालं ते आपल्याला ओळखीचं वाटेल. 1860 च्या दशकात रेल्वे वऱ्हाडातून नागपूरकडे गेली, आणि मलकापूरचं स्टेशन त्याच मार्गावर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 साली खामगावच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. शेतकरी खाण्यासाठी कमी आणि विकण्यासाठी जास्त पिकवू लागला. त्याच काळात इरावतीच्या मुखाकडे जंगल तोडून भातशेती उभी राहिली. 1850 च्या दशकात आठ लाख एकरांच्या आसपास असलेलं भाताचं क्षेत्र 1930 च्या दशकात पंच्याऐंशी लाख एकरांच्या पुढे गेलं. वर्षाला सुमारे तीस लाख टन तांदूळ बाहेर जायचा. जगात सर्वात जास्त तांदूळ निर्यात करणारा देश तो.

वरच्या ब्रह्मदेशाचा घास 1885 साली घेतला. त्या वेळी कारण झाली आपल्या मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. सागवान जास्त तोडून कर बुडवला, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. नोव्हेंबरात फौज मंडालेत शिरली आणि 1 जानेवारी 1886 रोजी ते राज्य संपलं.

आता राज्य कसं चालवलं ते पाहू. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत झाला, आणि 1 एप्रिल 1937 पर्यंत तसाच होता. सपाटीवरच्या बर्मी लोकांवर थेट कारभार होता. डोंगरातल्या शान, काचिन, चिन लोकांवर मात्र त्यांच्याच सरदारांमार्फत वेगळा कारभार होता. म्हणजे एकाच देशात दोन तऱ्हेची राज्यव्यवस्था. तिथल्या आजच्या यादवीचं एक मूळ यात आहे, हे लक्षात ठेवा.

भात पिकवायला भांडवल लागतं. ते दिलं मद्रासकडच्या चेट्टियार सावकारांनी. मजुरी करायला तेलुगू आणि तमिळ माणसं बोटीने गेली. 1931 च्या जनगणनेत रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त लोकसंख्या हिंदी होती. आपल्याच देशातल्या राजधानीत बर्मी माणूस अल्पसंख्य! भाव चांगला होता तोवर हे खपून गेलं. मग 1930 ची मंदी आली. तांदळाचा भाव कोसळला, कर्ज तसंच राहिलं. खालच्या ब्रह्मदेशातल्या तेरा मुख्य भात-जिल्ह्यांत 1930 साली चेट्टियारांकडे सहा टक्के जमीन होती. 1937 पर्यंत ती पंचवीस टक्के झाली. सात वर्षांत चौपट!

चेट्टियारांना जमीन नको होती, त्यांना त्यांचा पैसा हवा होता. पण शेतकऱ्याने पाहिलं ते एवढंच की वाडवडिलांचं शेत परक्याच्या नावावर गेलं. आपल्याकडे 1875 साली सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तोच संताप हा. तिथे 1930 च्या मे महिन्यात रंगूनच्या गोदीत बर्मी आणि तेलुगू मजूर एकमेकांवर तुटून पडले. डिसेंबरात साया सानचा शेतकरी उठाव झाला. भाव पाडला लांबच्या बाजाराने, कर वसूल केला सरकारने, आणि मार खाल्ला शेजारच्या गरीब मजुराने. आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल, तर हे न्या.

डिसेंबर 1941 मध्ये जपानने रंगूनवर बॉम्ब टाकले. लाखो हिंदी माणसं जंगलातून, डोंगरातून पायी भारताकडे निघाली, आणि वाटेत हजारो मेली. 1947 च्या फेब्रुवारीत आँग सानने डोंगरी पुढाऱ्यांशी पांगलाँगला करार केला : एकत्र राहू, पण तुमचा कारभार तुमच्याकडे. जुलैमध्ये त्याचा खून झाला. 4 जानेवारी 1948 रोजी देश स्वतंत्र झाला, पण त्या कराराचा शब्द पुढे कुणी पाळला नाही. मार्च 1962 मध्ये जनरल ने विनने सत्ता घेतली, दुकानं आणि गिरण्या सरकारजमा झाल्या, आणि सुमारे तीन लाख हिंदी लोक परत पाठवले गेले. मग सावकार गेला म्हणून शेतकरी सुटला का? नाही. त्याच्या जागी सरकार बसलं. भात सरकारलाच द्यायचं, सरकारच्या पडत्या भावाने. जगातला सर्वात मोठा तांदूळ निर्यातदार निर्यातीच्या यादीत कुठल्या कुठे गेला. 1987 साली एका दिवसात 25, 35 आणि 75 च्यातच्या नोटा रद्द झाल्या, लोकांची शिल्लक बुडाली, आणि 1988 साली देश रस्त्यावर आला.

आता पुन्हा आपल्या तुरीकडे येऊ. 1988 नंतर लष्कराने बाजार थोडा मोकळा केला. तांदळावर पकड ठेवली, पण कडधान्यं सोडून दिली. शेतकऱ्याने काय केलं? जिथे सरकारचा हात पोचत नव्हता तिथे तो वळला. मागणी होती भारतात. मंडाले, मगवे, सगाइंग हा तिथला कोरडवाहू पट्टा आहे. कमी पाऊस, तीळ, भुईमूग, कापूस, तूर. आपल्यासारखाच म्हणा ना! तिथे तूर पेरतात ती मुख्यतः आपल्या वरणासाठी. म्हणजे आपण आयात थांबवली, की तिकडचा भाव त्याच दिवशी पडतो.

आणि 1 फेब्रुवारी 2021 ला पुन्हा लष्कराने सत्ता घेतल्यापासून सगाइंग आणि मगवे हेच लढाईचे मुख्य प्रदेश झाले आहेत. गावं जळाली, माणसं परागंदा झाली. आपल्या यार्डात बोलली जाणारी लेमन तूर अशा मुलखातूनही येते.

मंडळी, आयात किती व्हावी, कधी व्हावी, आपल्या शेतकऱ्याला हमीभाव मिळतो की नाही, हे प्रश्न दिल्लीला जरूर विचारा. विचारलेच पाहिजेत. ऐन हंगामात आयात खुली ठेवण्याचा निर्णय सगाइंगच्या शेतकऱ्याने घेतलेला नाही. 1930 साली रंगूनच्या गोदीत जी चूक झाली, ती आपण बाजारात उभं राहून करू नये, एवढंच आमचं म्हणणं. इरावतीकाठच्या आणि नळगंगेकाठच्या शेतकऱ्याचा भाव तिसराच कुणीतरी ठरवतो. निदान हे दोघं एकमेकांना ओळखत तरी असावेत.

वेळ झाली आहे, आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर बसल्या जागेवरून विचारा, माइक तुमच्यापर्यंत येईल.