मुलीच्या नावाने वाजलेली गाणी



मागच्या महिन्यात आपल्या गटांच्या मसाल्यांचा व्हिडिओ तयार झाला. त्यातल्या गाण्याची चाल डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या एका ताईने बांधली. दिवसभर ड्युटी, मग लोकलची गर्दी, मग स्वयंपाक. भांडी आवरल्यावर मोबाइलवर गुणगुणून तिने ती आम्हाला पाठवली. व्हिडिओच्या शेवटी सगळ्यांची नावे आली, तिचेच राहिले. यादी मीच केली होती. फोन केला तर म्हणाली, "असू द्या हो ताई, मी नोकरी करणारी बाई. मी कुठली संगीतकार?"

तिच्यासाठीच आजची ही जुनी गोष्ट.

वासुदेव गंगाराम भाटकर यांचा जन्म १९१९ चा. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ते पेटी वाजवायचे. चाली सुचायच्या, सिनेमावाले बोलवायचेही. पण कंपनीच्या नोकरीत असताना बाहेर स्वतःच्या नावाने संगीत देणे अडचणीचे होते. मग नावे बदलली. १९४७ च्या 'नील कमल' या हिंदी चित्रपटाला 'बी. वासुदेव' हे नाव लागले. पुढे त्यांनी आपल्या लेकीचे, स्नेहलताचे नाव घेतले आणि ते झाले स्नेहल भाटकर. १९६१ च्या 'हमारी याद आयेगी'चे संगीत याच नावाने आहे. २००७ साली ते गेले, तरी लोक त्यांना लेकीच्या नावानेच ओळखतात.

काळ बदलला. सुधीर फडके यांचे चिरंजीव श्रीधर फडके यांनी एअर इंडियात नोकरी केली आणि स्वतःच्या नावाने चालीही दिल्या. 'फिटे अंधाराचे जाळे' हे गाणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याची चाल त्यांचीच. नोकरी आहे म्हणून कोणी त्यांना अर्धा संगीतकार म्हटले नाही.

नाव झाले, आता हक्काचे बोलू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी संगीत करून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्क निर्मात्याचा. २०१२ मध्ये कायदा बदलला. सिनेमातले गाणे थिएटरबाहेर वाजले, तर त्याच्या मानधनात गीतकार-संगीतकाराचा वाटा ठरला. 'हे मी केले' असे सांगण्याचा हक्क तर चाल विकली तरी आपल्याकडेच राहतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. नोकरीचे काम म्हणून चाल बांधली, तर करार नसल्यास हक्क मालकाचा. सुट्टीच्या वेळी, स्वतःसाठी बांधली तर आपला. बाहेरचे काम घ्यायची मनाई असू शकते, म्हणून नेमणुकीचे पत्र आधी वाचा. भाटकरांची अडचण तिथेच होती.

गटाने कोणाकडून चाल घेतली, तर साध्या कागदावर तारीख, नाव, ठरलेले पैसे आणि चाल कुठे वापरणार ते लिहा. दोघींच्या सह्या घ्या. बचतीचे वीस रुपये आपण वहीत लिहितो. मग बाईची रात्रभराची मेहनत का नाही लिहायची?

आमचा व्हिडिओ आम्ही दुरुस्त केला. आता शेवटी पहिले नाव तिचे येते, आणि ते तिचे स्वतःचे आहे.