नागराज (पहिला अंक)

नागराज : दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली काढलेली हिंदी चित्रकथा, त्याच नावाच्या मालिकेचा पहिला अंक. प्रकाशनाच्या सर्वसाधारण मालिकेतील क्रमांक १४. कथा परशुराम शर्मा यांची, चित्रे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांची. राजकुमार गुप्ता आणि त्यांचे पुत्र संजय, मनोज व मनीष यांनी उभ्या केलेल्या या प्रकाशनाचा नागराज हा पुढे सर्वांत ओळखीचा महानायक झाला. या अंकात मात्र तो नायक म्हणून येत नाही, भाड्याने मिळणारे हत्यार म्हणून येतो. भारतीय चित्रकथेत एखाद्या मालिकेचा नायक पहिल्याच अंकात चोर म्हणून उभा करणे हे त्या काळी धाडसाचे होते. या अंकाचे मोल त्या धाडसात आहे.

प्रोफेसर नागमणी हा दुष्ट शास्त्रज्ञ नागराजला घडवतो. त्याच्या अंगात सापांचे विष भिनलेले असते, त्वचा हिरवी व खवलेदार, मनगटांतून साप सुटतात, श्वासातून विषफुंकार निघतो आणि त्याचा चावा प्राणघातक असतो. हे अस्त्र जगभरच्या दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचे, हा नागमणीचा धंदा. नागराजच्या डोक्यात त्याने एक कॅप्सूल बसवलेली असते. तिच्यामुळे नागराजला स्वतःची इच्छा उरलेली नसते. पहिली कामगिरी एका मंदिरातून देवीची सोन्याची मूर्ती पळवण्याची. मंदिराचे रक्षण भक्त करतात, साप करतात आणि तीनशे वर्षे वयाचे बाबा गोरखनाथही करतात. नागराज सगळ्यांना मागे सारून मूर्ती मिळवतो. मग गोरखनाथ आपल्या शिकांगी नावाच्या काळ्या मुंगसाच्या साह्याने त्याचे मन वाचतात, त्यांना त्या कॅप्सूलचा पत्ता लागतो आणि ते ती काढून टाकतात. शुद्धीवर आलेला नागराज त्यांचे शिष्यत्व पत्करतो आणि जगातला दहशतवाद मोडून काढण्याची प्रतिज्ञा करतो.

सापाच्या कथेत तारणहार म्हणून मुंगूस यावे, ही योजना साधी असूनही अचूक आहे. नाग-मुंगसाचे वैर गारुड्याच्या खेळामुळे लहान मुलालाही ठाऊक असते. इथे ते मुंगूस नागाला मारत नाही, त्याच्या डोक्यात शिरून त्याला मोकळे करण्याची वाट दाखवते.

गोरखनाथ हे नाव महाराष्ट्रात नुसते कथेतले नाव म्हणून वाचले जात नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर ही गुरुपरंपरा वारकऱ्याला तोंडपाठ असते, आणि शके १७४१ म्हणजे १८१९ मध्ये धुंडीसुत मालू यांनी रचलेल्या नवनाथ भक्तिसाराची पारायणे आजही गावोगाव होतात. त्या परंपरेतली गोरक्षाची सर्वांत लोकप्रिय कथा स्त्रीराज्याची आहे. तिथल्या मोहात स्वतःला विसरलेल्या मच्छिंद्रनाथांना शिष्य गोरक्ष जाऊन जागे करतो आणि परत आणतो. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट याच विषयावर काढला. चित्रकथेतले गोरखनाथ करतात ते कामही हेच : परक्याच्या अमलाखाली गेलेल्या मनाला जागे करणे. फरक इतकाच की तिथे शिष्य गुरूला सोडवतो आणि इथे सुटलेला शिष्य होतो. शर्मा यांनी हे सूत्र जाणून वापरले की नाव घेताच ते आपोआप आले, याने फारसे बिघडत नाही. मराठी वाचकाला मायेच्या जागी आलेली कॅप्सूल लगेच ओळखू येते. अंकाची खरी ताकद इथे आहे, मारामारीच्या पानांत नाही.

विषारी माणूस ही कल्पनाही जुनीच. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात चंद्रगुप्तावर सोडलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. तिथली विषकन्या मुकाट्याने वापरली जाते. तिला काय वाटते हे कोणी विचारत नाही. नागराजला पहिल्या अंकाच्या अखेरीस स्वतःचे मन मिळते. शिवाय १९८६ हेच श्रीदेवीच्या ‘नगीना’चे वर्ष, इच्छाधारी नागाची लोककथा तेव्हा पडद्यावर जोरात होती. अमेरिकी महानायकांचे वळण घेतानाही राज कॉमिक्सने नायकाचे बळ अणुस्फोटातून किंवा परग्रहावरून आणले नाही. ते नागपंचमीला वारुळाशी दूध ठेवणाऱ्या समाजाच्या ओळखीच्या श्रद्धेतून आणले.

प्रताप मुळीक यांची चित्रे नसती तर हा अंक इतका टिकला नसता. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’साठी मुळीकांनी अनेक पुस्तिका चितारल्या होत्या. देव, राजे, ऋषी, योद्धे काढून त्यांचा हात मानवी शरीराच्या बांध्यावर पक्का बसला होता. त्यामुळे नागराजचे दंड, खांदे, वळलेली पाठ यांत ओढूनताणून आणलेला फुगीरपणा दिसत नाही. पौराणिक पुरुषाची डौलदार बैठक दिसते. अंगातून साप निघतात ही गोष्ट कागदावर सहज हास्यास्पद होऊ शकली असती. मुळीकांच्या रेषेत ती पटते, कारण साप आणि स्नायू एकाच लयीत वळतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले त्यांचे ‘स्केचिंग’ हे पुस्तक कलेच्या विद्यार्थ्यांच्या हाती अजून दिसते. जलरंगांसाठी ख्यातनाम असलेले मिलिंद मुळीक हे त्यांचे चिरंजीव.

मुळीकांबरोबर आणि नंतर चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांनीही नागराज काढला. प्रकाशन दिल्लीचे आणि भाषा हिंदी असली तरी नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत नागराजच्या रूपावर मराठी हातांची अशी छाप राहिली. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात ही नावे क्वचितच घेतली जातात, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे. चित्रकाराची मातृभाषा फुग्यातल्या मजकुरात उमटत नाही, रेषेत मात्र त्याची शाळा उमटते.

वाचकांच्या बाबतीतही भाषेची सीमा पातळ होती. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई–हावडा लोहमार्गावर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके मध्य प्रदेशाला लागून आहेत. अशा भागात शाळेची मराठी आणि बाजारातली हिंदी शेजारी नांदतात. चित्रकथेतली हिंदी तर बोलीच्या जवळची आणि चित्रांचा आधार असलेली, त्यामुळे तिथल्या मुलाला ती वाचायला अनुवादाची गरज नव्हती.

पुढचे अंक, म्हणजे ‘नागराज की कब्र’, ‘नागराज का बदला’, ‘नागराज की हांगकांग यात्रा’, ‘नागराज और शांगो’, नायकाला देशोदेशी फिरवून दहशतवाद्यांशी झुंजवतात. या प्रवासकथांत तो चाव्याने आणि विषाने शत्रूंचा जीव घेतो. पहिल्या अंकातला काळोख तिथे अजून पुरता गेलेला नाही. १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांनी घडवलेला सुपर कमांडो ध्रुव आला तो अगदी वेगळा : अंगी कुठलीही दैवी शक्ती नसलेला, बुद्धीवर लढणारा, जीव न घेणारा. नागराजवरही पुढे सिन्हा यांचा हात फिरला आणि तो महानगर नावाच्या शहरात राज या नावाने नोकरी करून राहणारा रक्षक झाला. प्रतिनायकाचा काळोख मग राज कॉमिक्सच्याच डोगा या नायकाकडे गेला. हा मुखवटाधारी मुंबईत वावरतो आणि बंदुकीने न्याय करतो. कायदा त्याला मान्य नाही, पश्चात्तापही नाही. नागराजच्या पहिल्या अंकात प्रतिनायकपण नायकावर लादलेले होते. डोगाने ते स्वतः निवडले.

जन्मकथाही नंतर पालटली. नागराज हा राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा पुत्र, काका नागपाशाच्या कारस्थानाचा बळी आणि देव कालजयीच्या विषामुळे शक्ती लाभलेला, असे नव्या कथांनी सांगितले. त्यामुळे नागमणी त्याचा निर्माता उरला नाही, तो केवळ त्याला वापरून घेणारा ठरला. राजपुत्राच्या या कथेने मालिकेला विस्तार दिला, पण पहिल्या अंकातला अनामिक, विकाऊ नागराज तिने पुसट केला. डोक्यातली कॅप्सूल आणि ती काढणारे गोरखनाथ यांना मात्र नव्या कथेनेही हात लावला नाही.