गूगलवरचा पहिला नंबर



दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाला एका माणसाचा फोन आला. 'ताई, तुमची शेंगा चटणी गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, गॅरंटी.' बारा हजार सांगितले, घासाघीस करून आठवर आला. गटाच्या पैशातून दिले. आठ दिवसांनी त्यानं स्वतःच्या मोबाईलवर आमच्या गटाचं पूर्ण नाव टाकून दाखवलं आणि खरंच आम्ही पहिल्या! पेढे वाटले आम्ही. नंतर लक्षात आलं, आपलं नाव घालून शोधल्यावर दुसरं कोण येणार? नुसतं 'शेंगा चटणी' घातलं की आमचा पत्ता नव्हता. वर माझ्या मुलीनं त्यानं केलेल्या पानावर बोट दाबून ओढलं, तर खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'शेंगा चटणी सोलापूर, शेंगा चटणी सोलापूर' असं शंभरदा लिहिलेलं निघालं.

ही युक्ती जवळजवळ तीस वर्षांची जुनी आहे. ती कुठून आली, हे कळलं असतं तर आमचे आठ हजार वाचले असते, म्हणून आज तो इतिहास सांगते.

१९९४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरच्या चांगल्या जागांची एक यादी केली. तीच पुढे याहू झाली. माणसं बसून ती यादी लावायची, विषयवार आणि इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे. मग काय, दुकानाचं नावच 'ए'पासून सुरू करायचं, की यादीत आपण वर. टेलिफोनच्या जाड पुस्तकात हीच युक्ती आधीपासून चालायची.

इंटरनेट वाढलं तशी माणसांना यादी पुरी पडेना. १९९५च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आलं. ते यंत्रच पानं वाचायचं. अशी यंत्रं मुख्यतः शब्द बघायची: कोणत्या पानावर कोणता शब्द, किती वेळा. आपल्या श्रीपुरात कारखान्याचा काटा सगळ्याजणींनी पाहिलाय. वाढं आणि पाचट तसंच ठेवून मोळी बांधली तर काट्यावर वजन भरतं, पण त्यातून साखर निघत नाही. पानांचंही तसंच झालं. लोक एकच शब्द शंभरदा लिहू लागले. वाचणाऱ्याला दिसू नये म्हणून तो पांढऱ्यावर पांढरा लिहायचा. आमच्या माणसानं आम्हाला विकलं ते हेच पाचट.

१९९८मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी काढली. त्यांनी शब्दांच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजली: एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं बोट दाखवतात आणि बोट दाखवणारी स्वतः किती मानाची आहेत. आपण तरी नवा शिंपी कसा निवडतो? चार जणींना विचारूनच. पण शिफारशीला किंमत आली की शिफारस विकायलाही येते. माणसं हजारो खोटी पानं उभी करून एकमेकांकडे बोट दाखवायला लावू लागली, विकत दुवे घेऊ लागली. वरचा नंबर मिळवण्याच्या या सगळ्या खटाटोपाला एसईओ म्हणतात, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. यात सरळ कामही येतं आणि लबाडीही.

लबाडी पकडली जाते तेव्हा नाव कितीही मोठं असलं तरी चालत नाही. २००६च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलनं यादीतून काढून टाकली होती. यंत्राला दाखवायचं पान एक आणि गिऱ्हाइकाला दिसायचं दुसरंच, असा तो प्रकार होता. २०११मध्ये उचलेगिरीच्या, पोकळ पानांवर आणि २०१२मध्ये विकतच्या दुव्यांवर गूगलनं मोठे बदल आणले. रातोरात अनेक धंदे शेवटच्या पानावर गेले. ज्यांनी मनापासून लिहिलं होतं, अशांपैकीही काहीजण त्यात भरडले गेले, हेही खरं.

आपल्या मराठीची तर वेगळीच अडचण होती. सुरुवातीच्या मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर प्रत्येकाचा फाँट निराळा. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आत यंत्राला भलतीच अक्षरं मिळायची. म्हणजे लिहिलेलं असूनही सापडायचं नाही. युनिकोड रुळलं तेव्हा मराठी शब्द मराठीत शोधता येऊ लागला. आपण आजही थोडी तीच चूक करतो. माल, भाव, पत्ता सगळं एका रंगीत चित्रात घालतो आणि तेवढंच टाकतो. चित्रातली अक्षरं यंत्र नीट वाचेलच असं नाही. चित्र टाका, पण खाली साध्या अक्षरांत लिहाही.

आमच्या गावाच्या नावाची तर गंमतच. इंग्रजीत लिहिताना 'आर' आणि 'आय'ची जागा बदलली की श्रीपूरचं शिरपूर होतं, आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात! तेव्हा आम्ही आता पूर्ण लिहितो: महाळुंग-श्रीपूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर, अकलूजजवळ. चटणीलाही शेंगा चटणी, शेंगदाण्याची चटणी अशी दोन्ही नावं देतो, कारण पुण्यामुंबईची बाई कोणतं घालेल सांगता येत नाही. पण एकेकदाच. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते, ती मुलीनं करून दिली. पैसे देऊन वर येतं ती जाहिरात. तिच्यावर तसं लिहिलेलं असतं आणि पैसे संपले की ती जाते. बाकी पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय.

पुढे भांडण झालं ते अभिप्रायांवरून. एकीचा भाचा म्हणाला, कॉलेजातल्या पोरांकडून पन्नास चांगले अभिप्राय टाकवून देतो. 'सगळेच करतात की!' अर्ध्याजणी तयार होत्या. मी म्हटलं, ज्यांनी चटणी चाखलीच नाही ते काय लिहिणार? खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट एवढा झाला, की नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोला त्यासाठी वेगळं मानक काढावं लागलं. शेवटी नको ठरलं, पण दोघी महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग पहिला खरा अभिप्राय आला तो तक्रारीचा: 'चव छान, पण मुलांना खाववत नाही, फार तिखट.' हा काढून टाकता येतो का, हाच पहिला प्रश्न बैठकीत निघाला. आम्ही खाली उत्तर लिहिलं, की कमी तिखटाचीही करून देतो, आधी फोन करा. नुसतं 'शेंगा चटणी' घातलं तर आजही आम्ही दुसऱ्या पानावर आहोत. पण फोन येतात, आणि निम्मे तरी कमी तिखटाचीच मागतात.