एकदाच येणारा पैसा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो आणि बाराही महिने जातो. पूर्वी तो कापसाचा असे, दिवाळीनंतरच्या वेच्यांपासून संक्रांतीपर्यंत. आता आमच्या मालेगाव जहांगीरकडे सोयाबीन जास्त, म्हणून तो दसरा-दिवाळीच्या आसपासच येऊन जातो. मग चैत्र-वैशाखात लग्नं. मृगाच्या तोंडावर बियाणं आणि खत, त्याच आठवड्यात पोरांची वह्या-पुस्तकं. इथल्या संसारांनी पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सोडवायचा प्रयत्न केला: दिवाळीचा पैसा मृगापर्यंत न्यायचा कसा?

मी पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा हप्त्याने भरायच्या ठेवीची, एजंट. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका या गावांत बायकांच्या ओसरीवर बसून हप्ते गोळा करता करता जे कानावर पडलं आणि नंतर कुतूहलापोटी जे वाचलं, ते इथे मांडते आहे.

सर्वांत जुनी बचत धान्याची. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, आणि बियाणं तुराट्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. बियाण्याच्या कणगीला मृगाआधी हात लावायचा नाही, हा घराघरातला कायदा. ज्याची कणगी आधीच रिकामी झाली, तो सावकाराच्या दारी जाई आणि सवाईने किंवा दीडीने धान्य आणी. सवाई म्हणजे चार पायल्या नेल्या तर पाच फेडायच्या, दीडी म्हणजे सहा. बोलायला ते किरकोळ वाटतं. पण जूनमध्ये नेलेलं जानेवारीत फेडायचं, तर सात महिन्यांना पंचवीस टक्के झाले. वर्षाच्या हिशेबाने सवाई चाळीस टक्क्यांच्या वर जाते आणि दीडी ऐंशीच्याही वर. बायकांना मी हे गणित पाटीवर मांडून दाखवते, कारण आजही गावात व्याज ‘शेकडा तीन’ असंच सांगतात. ते महिन्याचं असतं. वर्षाचे छत्तीस होतात.

मग काळ बदलला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रेल्वे आली, व्यापारी आले. ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला, तसं खायचं धान्यही विकत आणायची पाळी घरांवर आली. लढाई संपल्यावर भाव पडला, पण पेरणीसाठी काढलेलं कर्ज कमी झालं नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरात पैसाही नव्हता आणि पेवात दाणाही नव्हता. माझ्या मते आपल्या घरांचा तोल तिथे गेला. कापूस लावला हे चुकलं नाही. कणगीची शिस्त सुटली आणि तिच्या जागी रोख पैशाची शिस्त आली नाही, ते चुकलं.

ती जागा काही काळ चांदीने भरली. तोडे, वाळे, गोठ आणि जमलं तर सोन्याची एकदाणी. कापूस विकला की बाई एखादा डाग करून घेई आणि अडल्या वेळी तोच गहाण पडे. जुन्या बायकांच्या या हौसेला कुणी नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. बँक दारात नव्हती, खातं नवऱ्याच्या नावावर, जमीन सासऱ्याच्या. अंगावरची चांदी तेवढी तिची होती. तोटा खराच होता: मोडताना घडणावळ जाई, घट जाई, गहाणाचं व्याज चढे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात तर नवे दागिने चौदा कॅरटचेच करायचा हुकूम निघाला. पण दुसरा मार्ग होताच कुठे? रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत देशातल्या शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जापैकी शंभरातले जवळजवळ सत्तर रुपये सावकारांचे निघाले. सरकार आणि सहकारी संस्था मिळून साडेसहा टक्केही नव्हते.

बदल आला तो कापूस एकाधिकार खरेदी योजनेने, १९७२ च्या हंगामापासून. पणन महासंघ कापूस घेई आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी देई. सोसायटीचं कर्ज आधीच कापून जाई. चुकाऱ्याच्या वाटेकडे डोळे लागत, त्रास होई, पण एक गोष्ट नकळत घडली. एकरकमी येणारा पैसा तुकड्यांनी येऊ लागला, आणि पहिल्या हप्त्यात उडून गेलं तरी दुसऱ्या हप्त्यात पेरणी निघत असे. कित्येक घरांत बँकेचं पहिलं पासबुक याच चुकाऱ्यापायी आलं.

त्याच १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. घरोघर जाऊन आरडी गोळा करायची, आणि एजंट बाईच असली पाहिजे. आमचं चार टक्के कमिशन सरकार देतं, खातेदाराच्या पैशातून ते जात नाही. हे मी प्रत्येक नव्या दारात आधी सांगते. शिरपूरच्या एका म्हाताऱ्या काकू मला म्हणाल्या होत्या, “ताई, तुमी नेलं तेच बरं. घरात रायला असता तं त्याले पाय फुटले असते.”

आमच्या आधीपासून बिसी होतीच. ठरलेल्या बायकांनी दरमहा सारखी रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल तिने उचलायची. लवकर निघाली तर बिनव्याजी कर्ज, शेवटी निघाली तर सक्तीची बचत. पण लिहिलेलं काही नसतं, आणि चालवणारी गाव सोडून गेली की विषय संपतो. ज्यांच्या चुलीपर्यंत आपलं जाणं-येणं आहे, त्यांच्यातच बिसी लावावी. बचत गटाने हीच जुनी रीत वहीवर आणली. १९९२ साली नाबार्डने गट बँकेला जोडायची सुरुवात केली तेव्हा लक्ष्य फक्त पाचशे गटांचं होतं. गट महिन्याला शेकडा दोन लावत असला तरी ते व्याज गटातच राहतं. मीटिंगच्या दिवशी वही सगळ्यांसमोर वाचली जाते की नाही, एवढं बघून गटात जावं.

आता आरडीबद्दल. ही योजना महिन्याला पगार मिळणाऱ्या माणसासाठी आखलेली. आमच्याकडे महिन्याला कुणाला काय मिळतं? जानेवारीपर्यंत हप्ते वेळेवर, एप्रिलपासून खाडे. शंभराला महिना एक रुपया दंड, आणि लागोपाठ चार हप्ते चुकून पुढच्या दोन महिन्यांत भरले नाहीत, तर खातं बंद. अशी बंद पडलेली खाती मी खूप पाहिली आहेत. उपाय नियमातच आहे, फक्त तो कुणी सांगत नाही. हप्ते आगाऊ भरता येतात. बारा एकदम भरले तर शंभराच्या हप्त्यामागे चाळीस रुपये सूट मिळते. म्हणजे पाचशेचं खातं असेल तर सहा हजारांऐवजी पाच हजार आठशे, सोयाबीन विकलं त्याच आठवड्यात, आणि वर्षभराची काळजी मिटली. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या ६.७ टक्के दराने या खात्याचे पाच वर्षांनी साडेपस्तीस हजारांच्या वर होतात.

वर्ष पुरं होऊन बारा हप्ते जमा असले की निम्म्या रकमेपर्यंत खात्यावर कर्जही मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. म्हणून मी दिवाळीत खातं उघडायला लावते आणि दुसऱ्या दिवाळीलाही बारा हप्ते एकदम भरून घेते. त्यानंतरच्या मृगात किन्हीराजाच्या एखाद्या पाचशेच्या खातेदार बाईला बियाण्यासाठी सहा हजार लागले, तर ते ८.७ टक्क्यांनी तिच्याच खात्यातून निघतात, आणि शेकडा तीनवाल्याकडे तिला जावं लागत नाही.