वऱ्हाडातील स्थानिक स्वराज्य : निवड, नेमणूक आणि काही शब्द

ब्रिटिश हिंदुस्थानात विधिमंडळांनी केलेले कायदे ‘ॲक्ट’ या नावाने प्रसिद्ध आहेत. वऱ्हाडसाठी केलेल्या कित्येक कायद्यांच्या शिरोभागी मात्र ‘लॉ’ असा शब्द आढळतो. बेरार रूरल बोर्ड्‌स लॉ १८८५ चा, म्युनिसिपल लॉ १८८६ चा, कॉटन अँड ग्रेन मार्केट्‌स लॉ १८९७ चा. मराठीत दोहोंसही ‘कायदा’ हा एकच शब्द पुरतो, आणि म्हणून हा भेद मराठी वाचकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. भेद मात्र केवळ नावाचा नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, पण त्यावरील आपले स्वामित्व सोडले नाही. ज्या मुलखावर राजाची नाममात्र का होईना पण दुसऱ्याची सत्ता आहे, तेथे विधिमंडळाचा कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलने आपल्या कार्यकारी अधिकारात हुकूम काढावा आणि हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली त्याची अंमलबजावणी व्हावी, अशी रीत होती. सारांश, वऱ्हाडचा कायदा हा कोणत्याही सभेत चर्चिला न जाता उतरलेला कायदा होता.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे अमरावती आणि अकोला येथील नगरसंस्थांना इतिहासात जे स्थान मिळाले त्याचा उलगडा होतो. मुंबई इलाख्यात निदान एक कायदेमंडळ होते. ते दुबळे असो वा सबळ, तेथे उभे राहून प्रश्न विचारता येत असे. वऱ्हाडच्या रहिवाशाला असे ठिकाणच नव्हते. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर जी म्युनिसिपालिटी आणि जी बोर्डे निर्माण झाली, तेवढ्याच जागी त्याला मत देता येई, आणि कराच्या बाबतीत सरकारी अधिकाऱ्याच्या समोर बसून बोलता येई. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे वकील नगरपालिकेच्या व बोर्डाच्या कामात शिरले ते याच कारणाने. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डेच होते, आणि अमरावतीचेच रंगनाथ नरसिंह मुधोळकर पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. तीस-पस्तीस हजार वस्तीच्या गावाकडून एवढी माणसे राष्ट्रीय राजकारणात जावीत, याचे श्रेय कापसाच्या पैशाला जितके आहे तितकेच या लहानशा सभागृहांनाही द्यावयास हवे.

येथे ‘स्थानिक स्वराज्य’ या शब्दाविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मूळ इंग्रजी संज्ञेत ‘गव्हर्मेंट’ म्हणजे कारभार एवढाच भाव आहे; गटारे, दिवाबत्ती, देवीची टोचणी आणि प्राथमिक शाळा यांपलीकडे तिची धाव नव्हती. मराठी भाषांतरकाराने मात्र तिच्यासाठी ‘स्वराज्य’ हा शब्द योजला, आणि त्या शब्दामागे शिवकालापासूनचा अर्थ उभा होता. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल चळवळीने वऱ्हाडात प्रवेश केला तेव्हा तिचे मागणे आणि म्युनिसिपालिटीचे खाते ही दोन्ही एकाच नावाने ओळखली जात होती. सरकारला ही संज्ञा कितपत सोयीची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती तर त्याहून संदिग्ध होती. अमरावती हे तटबंदीचे शहर. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये हा दगडी कोट बांधावयास घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांपैकी खुनारी खिडकीचे नाव १८१८ च्या मोहरमात तिच्याजवळ झालेल्या भयंकर रक्तपाताचे स्मरण देते. इंग्रजी अंमलात साहेबांचे बंगले आणि कचेऱ्या कोटापासून दूर ‘कॅम्प’मध्ये उभ्या राहिल्या, व शहराची एक आणि कॅम्पची दुसरी अशा दोन वेगळ्या नगरसंस्था झाल्या. एकाच गावाचा पाणी आणि रस्ता यांसाठी दोन ठिकाणी हिशेब होऊ लागला. अकोल्यात असा कोट मध्ये आला नाही. तेथे मोर्णा नदी होती. पश्चिम तीरावर असदगड व जुनी वस्ती, पूर्व तीरावर ताजनापेठ. पावसाळ्यात या नदीला पूर आला म्हणजे शहराचे दोन भाग कसे पडतात हे जुन्या अकोलेकरांना सांगावयास नको.

१९०२ च्या करारान्वये वऱ्हाड सालिना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला, आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. निजामाचे स्वामित्व तरीही कागदोपत्री शिल्लकच होते. यातून एक विलक्षण प्रकार उद्भवला. १९१४ साली मध्यप्रांताचे कायदेमंडळ सुरू झाले, परंतु वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्याने तेथील प्रतिनिधींना कायद्याने ‘निवडलेले’ म्हणता येईना. तेव्हा वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावयाची आणि निवडून आलेल्या गृहस्थाची सरकारने ‘नेमणूक’ करावयाची, अशी युक्ती काढण्यात आली. मते लोकांची, पद सरकारचे. १९१९ च्या सुधारणांनंतरही ही रीत चालू राहिली. ‘निवड’ आणि ‘नेमणूक’ हे शब्द मराठीत परस्परविरोधी समजले जातात. वऱ्हाडच्या राजकीय परिभाषेत ते कित्येक वर्षे एकाच व्यक्तीच्या नावापुढे लागत होते.

या सर्व काळात शेतकऱ्याचे, म्हणजे वऱ्हाडच्या भाषेत कास्तकाराचे, स्थान काय होते? याचे उत्तर कापसाच्या बाजारात मिळते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव चढला, १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, आणि अमरावती-अकोल्यास जिनिंगचे कारखाने व अडतीची दुकाने यांची दाटी झाली. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील हा या प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. १८९७ च्या कायद्याने अशा बाजारांना सर्वत्र एक चौकट दिली. बाजारसमिती नेमली गेली, दलाल आणि मापाडी यांना परवाना घ्यावा लागू लागला, अनधिकृत मापे बंद झाली. हे सर्व स्तुत्यच होते. पण समितीतील जागा व्यापाऱ्यांच्या आणि नगरपालिकेच्या प्रतिनिधींच्या होत्या. ज्याची गाडी मापाखाली उभी राहते त्या कास्तकारासाठी तीत जागा ठेवलेली नव्हती. तो शहराच्या हद्दीबाहेर राहात असल्याने नगरपालिकेचा मतदारही नव्हता. अमरावतीच्या भरभराटीचा पाया ज्याने घातला तोच तेथे ‘स्थानिक’ ठरत नव्हता, आणि ही उणीव नजरेआड करून वऱ्हाडच्या नगरसंस्थांचा गौरव करणे एकांगीपणाचे होईल.

शहरापेक्षा जिल्ह्याच्या संस्थेत हा प्रश्न अगोदर ऐरणीवर आला. १९२० च्या कायद्याने मध्यप्रांतात डिस्ट्रिक्ट कौन्सिले आली होती, आणि १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती कौन्सिलचे अध्यक्ष झाले. पापळच्या शेतकरी कुटुंबातला, विलायतेत शिकून आलेला हा तरुण तिशीचाच होता. त्याने प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविण्याचे धाडस केले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना मोकळ्या केल्या. आदल्याच वर्षी, १९२७ च्या नोव्हेंबरात, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली होती. मंदिराचा वाद पंच, पुजारी आणि धर्मशास्त्र यांत अडकू शकत होता. विहिरीचे तसे नव्हते. विहीर कौन्सिलची, डागडुजी कौन्सिलच्या पैशाने, तेव्हा ती सर्वांची हे म्हणण्यास ठराव पुरे होता. ठराव झाल्याने प्रत्येक गावातला पोहरा मोकळा झाला असे नव्हे. परंतु ‘सार्वजनिक’ हा शब्द, जो तोवर सवर्णांपुरता सार्वजनिक होता, त्याचा अर्थ एका स्थानिक संस्थेने शब्दशः घेतला. वऱ्हाडातील स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात याहून महत्त्वाचा प्रसंग दाखविणे कठीण आहे.

स्वातंत्र्यानंतर नावे झपाट्याने बदलली. १९४८ च्या कायद्याने डिस्ट्रिक्ट कौन्सिले जाऊन तालुक्या-तालुक्यास ‘जनपद सभा’ आली. ही योजना पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांची. ते स्वतः हिंदीचे कवी, तेव्हा प्राचीन शब्दाची निवड त्यांच्या प्रकृतीला साजेशीच होती. मराठी माणसाला ‘जानपद गीत’ ठाऊक होते, ‘जनपद’ ही कचेरी नव्याने ऐकावी लागली. सत्ता तालुक्याच्या ठिकाणी आणण्याचा हेतू चांगला होता, पण सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी शासनाचाच राहिला आणि पैसा अपुरा पडला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढील वर्षी जिल्हा परिषदांचा जो कायदा झाला, त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे पुसदच्या नगरपालिकेचे माजी अध्यक्ष होते, म्हणजे वऱ्हाडच्याच मुशीतून आलेले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपद हा शब्द चौदा वर्षांच्या आयुष्यानंतर दप्तरात गेला.

शहरांतही तेच झाले. १९२२ च्या कायद्यातील ‘म्युनिसिपल कमिटी’ १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ‘नगरपरिषद’ झाली, जरी बोलण्यात ‘नगरपालिका’च टिकली. अमरावती १५ ऑगस्ट १९८३ रोजी बडनेऱ्यासह महानगरपालिका झाली, अकोला १ ऑक्टोबर २००१ रोजी. प्रथम नागरिक ‘महापौर’ झाला. हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरसंस्थांची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले.

२०२२ च्या मार्चमध्ये दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणूक लांबली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातील इतर अनेक शहरांप्रमाणे अमरावती व अकोला यांचा कारभार शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे राहिला. कर बसविण्याचा आणि अंदाजपत्रक मंजूर करण्याचा सभेचा अधिकारही त्याच्याच स्वाक्षरीने वापरला गेला. त्याचे पदनाम ‘प्रशासक’ असे होते. १९१४ च्या प्रतिनिधीची निदान आधी निवड होत असे.