स्वतंत्र तबलावादन : बैठकीतून वर्गात

तबल्यात पदवी घेणे ही गोष्ट आज कोणालाही नवलाची वाटत नाही. परंतु जे वाद्य मुख्यतः साथीचे म्हणून ओळखले गेले आणि ज्याचे स्वतंत्र वादन प्रामुख्याने जाणकारांच्या बैठकीत ऐकले जाई, ते अभ्यासक्रमात आणि परीक्षेत आले तेव्हा विद्यादानाची एक संपूर्ण व्यवस्थाच पालटली. या पालटाचा हिशेब मांडताना लाभाची बाजू पुष्कळदा सांगितली जाते. दुसरी बाजूही तपासून पाहायला हवी.

संस्थात्मक संगीतशिक्षणाचे आरंभीचे टप्पे परिचित आहेत. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आणि १९२६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. बडोद्याची संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली गेली. लखनौच्या संस्थेला २००० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती राज्य विद्यापीठ झाली.

लखनौच्या या महाविद्यालयात तबला शिकवण्यासाठी आबिद हुसेन खाँ आले, ही घटना मला विशेष महत्त्वाची वाटते. ते लखनौ घराण्याचे खलिफा होते. खानदानी तबलियांच्या दृष्टीने रचना ही मालमत्ताच असे. फरुखाबाद घराण्याचे हाजी विलायत अली यांना लखनौच्या बक्षू खाँनी मुलीच्या लग्नात गती आंदण दिल्या, अशी परंपरागत कथा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, ज्या समाजात ती सांगितली गेली त्याची विद्येविषयीची भावना तीतून स्पष्ट दिसते. अशा परंपरेचा वारस घराण्याशी नाते नसलेल्या विद्यार्थ्यांपुढे वेतन घेऊन बसला. पुढे अहमदजान थिरकवाही याच संस्थेत अध्यापन करू लागले. गंधर्व नाटक मंडळीतील त्यांच्या साथीमुळे मराठी रसिकांना ते आधीच परिचित होते.

आता प्रश्न असा, की वर्गात नेमके काय शिकवायचे? भातखंड्यांनी घडवलेला आराखडा गायनाचा होता : राग, त्याची लक्षणे आणि स्वरलिपीबद्ध चिजा. तबल्याचा अभ्यासक्रमही त्याच धर्तीवर बेतला गेला. इतके ताल, इतके कायदे, इतके तुकडे, त्यांची दुगुन-चौगुन, आणि लिपीत लेखन. मोजता येईल ते शिकवता येते आणि त्याला गुण देता येतात, ही परीक्षापद्धतीची स्वाभाविक निकड होती.

तथापि लिपीत बोल उतरतो, निकास उतरत नाही. दिल्लीचा बाज दोन बोटांचा आणि किनारेचा. पूरबचा खुला, तळहाताचा, लव आणि शाईचा अधिक वापर करणारा. वहीत दोन्हीकडची अक्षरे सारखीच दिसतात. हा भेद गुरूसमोर बसूनच कळतो, आणि तो न कळता पाठ केलेला कायदा हा केवळ अक्षरांचा क्रम राहतो.

याहून मोठी हानी आहे ती रचनेच्या सलगतेची. स्वतंत्र वादन म्हणजे रचनांचा संग्रह नव्हे. लेहऱ्याच्या आधारावर पेशकार सावकाश उलगडतो, त्यातून तालाचे व्यक्तित्व उभे राहते. कायद्यात एकाच बीजाचा विस्तार होतो. रेल्यात लयीला वेग येतो. मग गत, तुकडा, चक्रदार. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यामुळे अर्थपूर्ण होतो. या प्रवासाला तास-दीड तास सहज लागतो. परीक्षकाने ‘झपतालातला एखादा कायदा वाजवा’, ‘आता चक्रदार पढा’ असे तुकड्यातुकड्याने विचारले, की विद्यार्थी जिन्नस दाखवतो. वादन करत नाही.

म्हणून ही व्यवस्था फसली असे म्हणावे काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. घराण्याबाहेरच्या असंख्य मुलामुलींना तबला खुला झाला तो संस्थांमुळेच. आबान मिस्त्रींसारख्या विदुषीने स्त्री म्हणून स्वतंत्र वादनात स्थान मिळवले आणि पखावज-तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथही लिहिला. अरविंद मुळगावकरांच्या ‘तबला’ या मराठी ग्रंथाने पूर्वी मौखिक असलेला केवढातरी ठेवा सर्वांसाठी मांडला. गुप्ततेच्या काळात यातले काहीच सहज घडले नसते.

पुणे विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू केले आणि विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल पद्धतीला जागा दिली. वर्ग आणि गुरुगृह यांतले एकच निवडण्याची सक्ती नाही, हे त्या प्रयोगाने मान्य केले. पण जोवर मूल्यमापन सुटे सुटे राहील तोवर विद्यार्थी परीक्षेच्याच मापाने रियाज करील. पदवीच्या अखेरीस त्याला एकाच तालात, लेहऱ्यासह, कोणी न थांबवता तासभर वाजवू द्यावे आणि परीक्षकांनी फक्त ऐकावे. त्याला किती कायदे येतात हे त्यातून कदाचित कळणार नाही. पण एका कायद्याचे तो काय करू शकतो हे मात्र निश्चित कळेल, आणि स्वतंत्र वादनाची परीक्षा तीच आहे.