कंबर कसण्याचा इतिहास

ओझे उचलण्यासाठी अंगावर काहीतरी बांधणे आपल्याला नवे नाही. हमालाच्या डोक्यावर चुंबळ असते, कमरेला घट्ट फडके असते. 'कंबर कसणे' हा शब्दप्रयोग भाषेत उगाच आलेला नाही. 1980 नंतर अमेरिकेतल्या गोदामांत आणि पुढे रुग्णालयांतही याच फडक्याचा इलॅस्टिकचा भाऊ, म्हणजे कंबरपट्टा, भरपूर खपला.

1994 साली तिथल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेने उपलब्ध पुरावे तपासले. निरोगी कामगाराची पाठ पट्ट्यामुळे वाचते, हे सिद्ध होत नव्हते. 2000 साली दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या पाहणीतही पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात फरक आढळला नाही.

अंगावर चढवायच्या यंत्राची कथाही गमतीची आहे. जनरल इलेक्ट्रिकने 1960 च्या दशकात बनवायला घेतलेला 'हार्डीमन' सुमारे 680 किलो उचलणार होता. त्याचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच, आणि धड चालला तो फक्त एक हात! आजचे स्प्रिंगवाले सांगाडे कितीतरी हलके आहेत. वाकून काम करताना ते पाठीवरचा ताण काहीसा हलका करतात, पण रुग्णाचे वजन कमी करत नाहीत.

माझे वडील चाकणच्या एका कारखान्यात आणि मावशी पिंपरीत परिचारिका, त्यामुळे फरक घरातच दिसतो. लाइनवर इंजिन हॉइस्टला लटकून येते. जड टूल बॅलन्सरवर टांगलेले असते. इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे 1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 34 सांगत होते. वॉर्ड मात्र कारखान्यात मोडत नाही. तिथे हॉइस्ट म्हणजे दोन परिचारिका, एक वॉर्डबॉय आणि चादर.

रुग्ण हाताने उचलायचा तर एकावर साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार नसावा, असे नायॉशचे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी 2007 साली मांडले. म्हणजे साठ किलोच्या माणसाला किमान चौघे हवेत, तेही भार समान वाटला गेला तर. रुग्ण कण्हतो, हलतो, मध्येच मिठी मारतो. भार समान कुठून वाटला जाणार?

मी इंजिनिअर आहे, यंत्रांचा मला तिटकारा नाही. पण आधी घसरचादर, रुग्ण उचलणारा हॉइस्ट आणि पुरेशी माणसे द्यावीत, पट्ट्याचे मग बघू. परिचारिकेला कंबर कसायला सांगितले की वॉर्डात दुसरे काहीच बदलावे लागत नाही.